फराळ करावा की टाळावा? ऑक्टोबर हीट, दिवाळी आणि साखरेचा रिपोर्ट

प्रश्न : मी ४४ वर्षांची, नाशिकला राहते, शाळेत नोकरी करते. घरी यजमान (४८), सासूबाई (७२) आणि दहावीतली मुलगी. गेल्या महिन्यात यजमानांची एचबीएवनसी (रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, औषध नको, पण खाणं आणि चालणं सांभाळा. पंचाईत अशी की, आता नवरात्र, कोजागरी, दिवाळी लागोपाठ येतील. गेल्या वर्षी घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत माझं वजन ३ किलोंनी वाढलं. मी दीड किलो बेसनाचे लाडू, दोन किलो पोह्यांचा चिवडा, चकल्या, शंकरपाळी असं सगळं घरीच करते. यंदा फराळ करूच नये असं वाटतं, पण सासूबाई ऐकणार नाहीत. साखरेऐवजी गूळ किंवा खजूर वापरला तर चालेल का? शिवाय इतका खटाटोप करूनही माझे लाडू बसतात आणि चिवडा चार दिवसांत सादळतो. व्यायामाचं म्हणाल, तर डबे भरून झाले की साडेआठला चालायला जाते, पण गेल्या आठवड्यात दोनदा घेरी आली. सासूबाईंचे गुडघे दुखतात. कुठून सुरुवात करू?

उत्तर : ताई, नमस्कार.

फराळ करा. सासूबाईंचा आग्रह योग्यच आहे. बदलायचं आहे ते प्रमाण, फराळ करण्याचा दिवस आणि खाण्याची वेळ. गेल्या वर्षीच्या लाडवांचा हिशेब मांडू. दीड किलो बेसनाला नेहमीच्या पद्धतीने पाऊण किलो तूप आणि सुमारे ९०० ग्रॅम पिठीसाखर लागते. झाले तीन किलोंहून जास्त लाडू, म्हणजे ३० ग्रॅमचा एक धरला तर शंभरावर नग. एकेका लाडवात १५० कॅलरी. यातले निम्मे शेजारीपाजारी जातात हे खरं, पण तितकीच ताटं झाकून परत घरी येतात. एक लाडू, दोन चकल्या, वाटीभर चिवडा आणि मूठभर शंकरपाळी या ताटलीत ६०० कॅलरींच्या आसपास ऐवज असतो, म्हणजे एक जेवणच. ही ताटली सकाळच्या चहाबरोबर खायची, वर दुपारचं जेवण तेवढंच, आणि संध्याकाळी पाहुणे आले की त्यांच्याबरोबर परत थोडं. वजन वाढतं ते इथे. भाऊबीज उलटली तरी डबे भरलेलेच असतात, म्हणून हे तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं.

मात्र ते तीन किलो सगळे चरबीचे नव्हते. मीठ आणि पिठूळ पदार्थ वाढले की अंगात पाणी धरून राहतं, नेहमीच्या जेवणावर आल्यावर त्यातलं बरंचसं आठ-दहा दिवसांत उतरतं. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभ्या राहू नका.

आता गूळ-खजूर. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, चवही खमंग असते, पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने तो साखरेचाच भाऊ. सुक्या खजुराचाही निम्म्याहून जास्त भाग साखरच असतो. त्यात तंतू आहेत ही जमेची बाजू, पण ‘बिनसाखरेचे’ म्हणून यजमान तीन-तीन खजूर लाडू खाणार असतील तर साध्या बेसनाच्या एका लहान लाडवाने कमी नुकसान होईल. आमचं मत स्पष्ट आहे: बेसनाच्या लाडवाला साखरच घाला, कमी घाला, आणि लाडू लहान वळा. गूळ बेसनाच्या लाडवात नीट मिसळतही नाही, गोळे राहतात.

यंदा चौघांसाठी आणि वाटण्यासाठी मिळून अर्धा किलो बेसनाचे लाडू पुरेत. प्रमाण असं घ्या: लाडवाचं जाडसर बेसन ५०० ग्रॅम, साजूक तूप २२५ ग्रॅम, पिठीसाखर २२५ ग्रॅम, दूध २ मोठे चमचे, वेलची आणि जायफळ. बारीक बेसन घेऊ नका, ते टाळूला चिकटतं आणि त्याला तूपही जास्त लागतं. जाड बुडाच्या कढईत पाऊण तूप घालून बेसन मंद आचेवर भाजायला घ्या, उरलेलं तूप दहा-बारा मिनिटांनी घाला. सुरुवातीला मिश्रण कोरडं आणि जड वाटेल. तेव्हा घाबरून जास्तीचं तूप ओतण्याची चूक होते आणि लाडू बसण्याची पहिली पायरी तीच. बेसन भाजत आलं की स्वतःच तूप सोडतं, उलथणं हलकं फिरू लागतं, रंग बदलतो आणि घरभर वास सुटतो. याला २५ ते ३० मिनिटं लागतात, आणि ती द्यावीच लागतात. आच मोठी केली तर वरून रंग येतो, आत कच्चट वास राहतो.

मग दुधाचा हबका मारा. फसफसून वर येईल, घाबरू नका. दुधामुळे बेसन रवाळ होतं. फेस पूर्ण बसेपर्यंत आणखी ३-४ मिनिटं परता, नाहीतर दुधाचा ओलावा राहून लाडवांना वास लागतो. लगेच परातीत काढा, कारण तापलेल्या कढईत ते पुढेही भाजत राहतं आणि तळाशी करपतं. यानंतरचा धीर महत्त्वाचा. मिश्रण हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत, साधारण तास-दीड तास, साखर घालायची नाही. तुमचे लाडू बहुतेक इथेच बसतात. गरम मिश्रणात पिठीसाखर घातली की ती पाझरते, मिश्रण सैल होतं आणि वळलेला लाडू तासाभरात चपटा होतो. तरी बसलेच, तर सगळे मोडून परातीत पसरा, १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, हाताने मळून पुन्हा वळा. उलट लाडू वळतच नसेल तर तूप घट्ट झालेलं असतं. एक चमचा तूप कोमट करून घाला, एकदम चार नको.

वळताना एक लाडू काट्यावर ठेवून बघा: २५ ग्रॅम. मोठ्या लिंबापेक्षा लहान. असे ३८ होतील. एकात १२५ कॅलरी आणि ६ ग्रॅम साखर. वरून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, आणि जमल्यास पाच टक्क्यांखाली ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. यजमान दिवसात दोन साखरेचे चहा घेत असतील तर त्यातला बराच भाग तिथेच संपला. लाडू हवा असेल तर त्या दिवशी चहा बिनसाखरेचा, हा सौदा त्यांच्याशी आजच करा.

चिवड्याचं दुखणं ओलाव्याचं आहे. सध्याच्या उन्हाचा हा एक मोठा फायदा घ्या: ५०० ग्रॅम पातळ पोहे चाळून, सुती कापडावर पसरून दोन तास कडक ऊन दाखवा. नंतर २५०-२५० ग्रॅमच्या दोन खेपा करून मंद आचेवर ७-८ मिनिटं परता. चिमटीत धरून चुरले तर पीठ व्हायला हवं. नुसते मोडले तर अजून परता. आच मोठी झाली की पोहे आकसतात आणि त्यांना परत फुलवता येत नाही. कढीपत्ता आणि ८-१० हिरव्या मिरच्या आदल्या रात्रीच धुऊन, पुसून, पंख्याखाली पसरून ठेवा. फोडणीला ५ मोठे चमचे तेल पुरतं: आधी १०० ग्रॅम शेंगदाणे, ते तडतडले की काढून घ्या, मग ५० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप बदामी करून काढा, मग मिरच्या. मिरची पांढरट आणि कुरकुरीत होईपर्यंत तळली पाहिजे. मऊ मिरची म्हणजे डब्यात ठेवलेली पाण्याची पिशवीच, सगळा चिवडा तीच सादळवते. कढीपत्ताही मोडला की चुरा व्हावा. शेवटी ७५ ग्रॅम डाळवं, गॅस बंद, मग हिंग आणि हळद. मीठ दोन लहान चमचे आणि पिठीसाखर दोन मोठे चमचे एकत्र मिक्सरला फिरवून घ्या. जाड मीठ डब्याच्या तळाशी बसतं आणि शेवटचा चिवडा खारट होतो. सगळं हलक्या हाताने मिसळून परातीत दोन-तीन तास उघडं ठेवा. कोमट चिवडा डब्यात भरला की झाकणाला वाफ धरते, आणि दुसऱ्या दिवशी तुमची तक्रार सुरू. नीट केलेला चिवडा तीन आठवडे टिकतो. त्यापुढे खोबरं खवट होऊ लागतं. ३० ग्रॅमच्या लहान वाटीत १३० कॅलरी, आणि शेंगदाणे-डाळव्यामुळे थोडी प्रथिनंही मिळतात. सगळ्या फराळात आम्ही चिवड्याला पहिली पसंती देऊ.

चकल्या भाजून किंवा एअर फ्रायरमध्ये करायचा मोह होईल. त्या लगेच खाल्ल्या तर बऱ्या लागतात, दुसऱ्या दिवशी दाताला त्रास देतात, आणि सासूबाईंचे दात हा विचार आहेच. तळाच, पण पाव किलो भाजणीच्याच करा. तेल पिणाऱ्या चकलीची कारणं दोन: मोहन (पीठ भिजवताना घातलेलं गरम तेल) जास्त किंवा तेल पुरेसं तापलेलं नाही. पिठाचा लहान गोळा टाकल्यावर तो क्षणभर थांबून वर आला पाहिजे. तळाशीच बसला तर तेल थंड, टाकताक्षणी लाल झाला तर जास्त तापलंय. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी पडलं तर दगड होते. उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, त्यातच पुन्हा तळण काढू नका. शंकरपाळी यंदा वगळा. मैदा, साखर, तूप आणि तळण हे चारही त्यात एकत्र येतात, आणि मूठ भरून कधी संपते ते कळत नाही. शेजारून आलेली चार-पाच खाल्ली तरी हौस भागते.

हे सगळं वसुबारसेच्या फार तर दोन दिवस आधी करा. पंधरा दिवस आधी केलेला फराळ ‘जरा चव बघू’ म्हणत दिवाळीआधीच निम्मा होतो. धनत्रयोदशी ते भाऊबीज रोज एकच ताटली: एक लाडू, एक चकली, लहान वाटी चिवडा. साधारण ३६० कॅलरी. ती दुपारी साडेचार-पाचला खा आणि रात्रीचं जेवण हलकं घ्या, मुगाची खिचडी आणि ताक, किंवा एक भाकरी, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतरचा फराळ हाच नाश्ता समजा, त्यावर पोहे-उपमा नको. भाऊबीजेनंतर उरलेलं शाळेत आणि ऑफिसात घेऊन जा.

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आत्ता करू नका. दिवाळीच्या उत्साहात काही घरांत तेही होतात. आयुर्वेदात शरद हा पित्त वाढण्याचा काळ मानतात. आपल्या आज्या हे लाडू मार्गशीर्षातल्या थंडीसाठी राखून ठेवत. आत्ताच्या गरमीत पोटाला मूग, दुधी, पडवळ, काकडी, डाळिंब हे सोसतं. कार्तिकात आवळा बाजारात आला की त्याच्या फोडी मीठ-हळद लावून बरणीत भरा. मोरावळ्यात क जीवनसत्त्वाबरोबर साखरही भरभरून येते.

आता घेरीचं. पाऊस सरला की आकाश निरभ्र होतं, ऊन थेट लागतं आणि जमिनीत मुरलेल्या ओलीमुळे हवेत दमटपणा असतो, त्यामुळे घाम लवकर वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. तुम्ही साडेआठला निघता तोवर ऊन चढलेलं असतं, आणि त्याआधी पोटात बहुधा एक चहाच गेलेला असतो, डब्यांच्या गडबडीत पाणीही नाही. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. सव्वासहा ते पावणेसात हा अर्धा तास काढता आला तर उत्तम. निघताना एक पेला पाणी आणि अर्धं केळं घ्या. सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी साडेसहानंतर चाला. परत आल्यावर चिमूटभर मीठ-जिरं घातलेलं ताक घ्या. वेळ बदलूनही घेरी आली, किंवा छातीत धडधड, दुखणं, दम लागणं यातलं काही जाणवलं, तर व्यायाम थांबवून रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तुमच्या वयात पाळीच्या दिवसांत रक्तस्राव वाढून हिमोग्लोबिन उतरणं अजिबात दुर्मीळ नाही.

किती चालायचं? आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम हे किमान लक्ष्य. मध्यम वेग म्हणजे चालताना बोलता येतं, गाता येत नाही. पहिला आठवडा रोज २० मिनिटं, पाच दिवस. पुढे दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर या. एक स्पष्ट सांगतो: ‘लाडू खाल्ला, चालून जिरवू’ हा हिशेब जमत नाही. ६५ किलो वजनाच्या माणसाचे अर्ध्या तासात १३० कॅलरींच्या आसपास खर्च होतात, म्हणजे जेमतेम एक लहान लाडू. चालण्याचा खरा फायदा यजमानांच्या साखरेला आहे. त्यांना दोन्ही जेवणांनंतर १५ मिनिटं चालायला लावा. पायाचे स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची उसळी कमी होते. ऑफिसात दुपारी जमलं नाही तर रात्री तरी चुकवू नये, आणि पानाच्या टपरीपर्यंत जाऊन परत येणं यात धरू नये.

मंगळवारी आणि शुक्रवारी १५ मिनिटं स्नायूंसाठी ठेवा, दोघांनी मिळून. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा. भिंतीला हात टेकून पुश-अप ८ ते १०. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं १०. टाचा उचलणं १५. एक मिनिट थांबून सगळं पुन्हा. उठताना गुडघा आत वळत असेल तर पावलांमध्ये खांद्याएवढं अंतर घ्या आणि सावकाश, तीन मोजत, खाली बसा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील ते ठीक, सांधा दुखला तर संख्या निम्मी करा. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीनंतर सकाळी हवेत फटाक्यांचा धूर साचलेला असतो. त्या दोन-तीन दिवशी बाहेर जाऊ नका, घरातच हा व्यायाम रोज करा.

सासूबाईंसाठी वेगळं. पलंगावर पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे धरून सोडायची, प्रत्येक पायाला १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. त्यानंतर उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून उठणं-बसणं ५ वेळा. गुडघा सुजला किंवा गरम लागला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. फराळ करताना त्यांना ओट्याशी तासभर उभं ठेवू नका. डायनिंग टेबलाशी खुर्चीवर बसून लाडू त्यांनीच वळावेत, काट्यावरचं वजनही त्यांनाच बघू द्या. उकिडवं बसून रांगोळी मात्र नको, पाटावर काढून पाट उंबऱ्याशी ठेवता येतो. आणि अभ्यंगस्नानाच्या पहाटे न्हाणीघरात तेल सांडलेलं असतं, तिथे रबरी चटई टाका आणि स्टूल ठेवा.

मुलीसमोर कॅलरींची भाषा बोलू नका. या वयात ती भाषा मनात खोल रुतते. तिला भोंडल्याला आणि गरब्याला जाऊ द्या, फक्त कठीण फरशीवर अनवाणी तासन्‌तास नाचल्यास टाचा दुखतात, म्हणून मऊ तळाचे बूट घालायला सांगा.

नवरात्राचे उपास यजमान करणार असतील तर रोज साबुदाणा नको, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी असं फिरवा. भगर पाकीटबंद घ्या, तारीख बघा, सुट्टं पीठ आणू नका. दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि त्यातून विषबाधेचे प्रकार राज्यात नवरात्रात घडत आले आहेत. कोजागरीला एक लिटर दूध आटवून पाऊण करा. केशर, वेलची, चारोळी घातली की सगळ्या दुधाला तीन चमचे साखर पुरते. यजमानांचा पेला लहान, आणि साखर घालण्याआधी बाजूला काढलेला.

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. त्यामुळे दिवाळी संपताच घाईने तपासून काही कळणार नाही. जानेवारीच्या अखेरीस करून घ्या, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, आणि तोवर दर रविवारी सकाळी यजमानांच्या कमरेचा घेर बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, टेपने मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत चला.